मऊ वाघाच्या कानामागे पांढरे ठिपके का नसतात?

सईची_आई | शनिवार, रात्री १०:२०
प्रश्न खुळचट वाटेल, पण घरात तीन दिवस यावरून रडारड चालू आहे म्हणून विचारते.

मे महिन्यात ताडोब्याला गेलो होतो. मोहर्ली गेट, सकाळची फेरी. नशिबाने वाघीण दिसली, पण कशी? जिप्सीच्या पुढे, आमच्याकडे पाठ करून, कच्च्या रस्त्याच्या मधोमध, बाजारातून घरी निघाल्यासारखी निवांत. दहा मिनिटं आम्ही तिचं ढुंगण, शेपूट आणि कान एवढंच पाहिलं. जंगलातल्या मोबाईलबंदीमुळे झालेल्या नवऱ्याच्या चिडचिडीबद्दल नंतर कधीतरी. गाइडदादांनी सईला (वय ६) दाखवलं की दोन्ही कानांच्या मागच्या बाजूला एकेक पांढरा ठिपका असतो, आणि असं म्हणतात की उंच गवतातून पिल्लं तो ठिपका बघत आईच्या मागे चालतात.

झालं. घरी आल्यावर बाईसाहेबांनी स्वतःचा कापडी वाघ (नाव गाजर, वय ४, दुसऱ्या वाढदिवसाला आलेला) उलटा करून पाहिला. कान मागून सपाट नारिंगी. "याचं बाळ हरवेल," म्हणून रडणं सुरू. गाजरला बाळ नाही हे सांगून झालं. उपयोग शून्य. आता ती त्याला घेऊन झोपत नाही.

तर दोन प्रश्न. एक, खऱ्यासारखा दिसणारा मऊ वाघ कुठे मिळतो का? दोन, खेळण्याने खऱ्यासारखं असावं ही अपेक्षाच चूक आहे का? नवरा म्हणतो चूक आहे. त्यामुळे मला ती बरोबर वाटते.

टवाळ_कार्टा | शनिवार, रात्री १०:३१
पाठच दिसली असेल तर तिकिटाचे निम्मे पैसे परत मागायचे होते.

नाना_फडताळे | शनिवार, रात्री ११:०५
प्रश्न अजिबात खुळचट नाही. सईचं निरीक्षण फार वरच्या दर्जाचं आहे. वाघाचं खेळणं बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वाघ समोरूनच पाहिलेला असतो, तोही चित्रात.

त्या ठिपक्यांबद्दल दोन मतं आहेत. गाइडने सांगितलं ते एक. दुसरं असं की मागून ते डोळ्यांसारखे दिसतात, त्यामुळे पाठीमागून येणाऱ्याला वाटावं की हा आपल्याकडेच बघतोय. माणसाने ही युक्ती वाघावरच उलटवली होती. सुंदरबनात १९८०च्या दशकात मध गोळा करणाऱ्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले, कारण वाघ मागून झडप घालतो. सुरुवातीला गुण आला म्हणतात.

आता गाजरला उचला आणि डोळे बघा. बुबुळाच्या मध्ये उभी फट आहे का? असेल तर ती दुसरी चूक. वाघाची बाहुली आपल्यासारखी गोल असते. उभी फट मांजराची.

टवाळ_कार्टा | शनिवार, रात्री ११:०९
म्हणजे मावशीचे डोळे भाच्याला लावलेत.

अनघा_प | शनिवार, रात्री ११:१२
हहपुवा (हसून हसून पुरेवाट) =))

सईची_आई | शनिवार, रात्री ११:२०
नाना, उभी फट आहे. हे मी सईला अजिबात सांगणार नाहीये.

फरवाली_मावशी | रविवार, सकाळी ७:४०
माझं क्षेत्र आलं! नव्वद साली आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या घरी सॉफ्ट टॉयचा क्लास होता. मी तेव्हापासून २०१५ पर्यंत खेळणी शिवली आणि विकली. वाघ किमान तीनशे तरी शिवले असतील. मागच्या ठिपक्यांसकट एकही नाही, हे आज कळलं. ओशाळले.

का नसतात ते सांगते. कान म्हणजे चार तुकडे. पुढचे दोन पांढऱ्या फरचे, मागचे दोन नारिंगी. मागच्या तुकड्यात ठिपका बसवायचा तर आणखी दोन गोल कापा, ते काजटाक्याने शिवा, मग कान उलटा. एका वाघामागे वीस मिनिटं वाढली. आणि गिऱ्हाईक कान उलटून बघत नाही, ते पोट दाबून बघतं.

पट्ट्यांचीही तीच कथा. बाजारात छापील पट्ट्यांचा कपडा मीटरवर मिळतो. एकाच छपाईतून कापलेले शंभर वाघ म्हणजे शंभर जुळे. हाताने पट्टे शिवायचे तर काळ्या फरच्या पट्ट्या वेगळ्या कापाव्या लागतात, आणि फर कधी कात्रीने कापू नये. उलटी ठेवायची आणि मागचं जाळीचं कापड तेवढं ब्लेडने चिरायचं, म्हणजे केस तुटत नाहीत. नाहीतर शिवणीवर टक्कल पडतं. शिवून झालं की शिवणीत अडकलेले केस दाभणाने एकेक बाहेर ओढायचे. मी रात्री बातम्या ऐकत हे काम करायचे.

गाजरला ठिपके घरीच लावता येतील. फेल्ट आणा, दहा रुपयांत काम.

जुन्नरकर | रविवार, सकाळी ९:१५
मुळात "वाघ" म्हणजे कुठला ते ठरवा. आमच्याकडे वाघ म्हणजे बिबट्या. उसात वाघ आला, वाघाने कालवड नेली, पिंजऱ्यात वाघ सापडला, हे सगळं बिबट्याचं. पट्ट्यावाला आम्ही फक्त टीव्हीवर बघतो. माझ्या भाच्याला ठिपक्यांचं खेळणं आणलं तर दुकानदार म्हणाला "चित्ता आहे". मी म्हटलं आमच्याकडे हाच वाघ. दोघांचंही चूक नव्हतं.

नाना_फडताळे | रविवार, सकाळी ९:४०
दुकानदाराचं बहुधा चूकच होतं. डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली असेल तर चित्ता. नसेल आणि ठिपके पोकळ फुलांसारखे असतील तर बिबट्या. भरीव गोल ठिपके चित्त्याचे.

जुन्नरकर | रविवार, सकाळी ९:५२
नाना, ते दोनशे रुपयांचं खेळणं होतं. त्याला गुलाबी बो बांधलेला होता.

साउथहॅम्प्टनचा_शेजारी | रविवार, दुपारी २:३०
खेळणं खऱ्यासारखं असावं का, यावर आमच्या इंग्लंडातल्या भागातला किस्सा. मे २०११. इथून जवळच हेज एंडला लोकांनी शेतात पांढरा वाघ बसलेला पाहिला. कॅमेऱ्याची लेन्स ताणून बघितलं, तरी वाघच. पोलीस आले, हेलिकॉप्टर आलं, प्राणिसंग्रहालयाची माणसं तयारीत ठेवली. जवळच्या रोझ बाउल मैदानावर क्रिकेटचा सामना चालू होता, तो थांबवला. मग हेलिकॉप्टरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दिसलं की वाघाच्या अंगात ऊबच नाही. आणि पंख्याच्या वाऱ्याने वाघ कुशीवर लोळला. मोठ्या आकाराचं मऊ खेळणं निघालं.

२०१८ साली स्कॉटलंडमध्ये याची आवृत्ती दुसरी. एका शेतकऱ्याला रात्री गोठ्यात वाघ दिसला. पोलीस पाऊण तास लांबून बघत होते, वाघ हलेना. तोही कापडी.

तेव्हा फार खऱ्यासारखा घेऊ नका, सोसायटीचा वॉचमन बेशुद्ध पडेल.

अनघा_प | रविवार, दुपारी २:४४
पावसामुळे नाही, प्रकाशामुळे नाही, वाघामुळे सामना थांबला! स्कोअरकार्डवर काय लिहिलं असेल?

टवाळ_कार्टा | रविवार, दुपारी २:४६
"कॅट स्टॉप्ड प्ले".

आंबेवाले_राजापूर | रविवार, संध्याकाळी ६:१०
हसताय काय, मी हेच मुद्दाम केलंय. वानर आणि केलडी (म्हणजे माकडं) यांनी बाग नको नको केली. कैरी अर्धी खायची, अर्धी टाकायची, आणि वर आमच्याकडे बघायचं. फटाके झाले, बेचकी झाली. शेवटी मुंबईच्या मेव्हण्याने त्याच्या मुलीचा चार फुटी वाघ पाठवला. पोरगी कॉलेजला गेली, वाघ माळ्यावर होता. खोपीच्या कौलावर बसवला.

पहिले आठ दिवस सांगतो, बागेत वानर नाही. लांबून खकारायचे, झाडावरून पुढे सरकायचे नाहीत. मी गावभर मिशीला पीळ देत फिरलो. नवव्या दिवशी एक म्हातारं केलडं आलं, वाघाच्या समोर बसलं, पाच मिनिटं बघितलं. मग जवळ येऊन त्याच्या कानाला हात लावला. अकराव्या दिवशी दोन पोरं वाघाच्या पाठीवर. पावसाळ्यात कापूस भिजून वाघ असा काय फुगला की गाभण वाटायला लागला. अजून तिथेच आहे. त्याच्या पोटात आता उंदीर राहतात.

विदुला_कारवार | रविवार, संध्याकाळी ६:३५
@आंबेवाले, कल्पना तुमची एकट्याची नाही. २०१९ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या एका कॉफीवाल्या शेतकऱ्याची बातमी सगळीकडे होती. त्याने आमच्या उत्तर कन्नडमध्ये कोणाच्या तरी शेतात गोव्याहून आणलेले खोटे वाघ बघितले, तेच स्वतःच्या मळ्यात लावले. गुण आला, पण उन्हाने रंग उडायला लागला. मग त्याने आपल्या कुत्र्यालाच केसांच्या कलपाने वाघाचे पट्टे काढले आणि सकाळ-संध्याकाळ मळ्यात फिरवलं. माकडं पळाली. रंग महिनाभर टिकतो म्हणे.

आंबेवाले_राजापूर | रविवार, संध्याकाळी ६:४१
आमचा कुत्रा केलड्यांना घाबरून पडवीत झोपतो. त्याला पट्टे काढले तर तो स्वतःलाच घाबरेल.

इतिहासवेडा | रविवार, रात्री ९:००
खेळण्यातल्या वाघाबद्दल एवढं लिहिलंत आणि टिपू सुलतानाचा वाघ कोणालाच आठवला नाही? लाकडी, जवळपास खऱ्या वाघाएवढा, खाली आडवा पडलेला गोरा माणूस. पोटात बाजा बसवलाय. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो, माणूस कण्हतो आणि त्याचा हात वरखाली होतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी नेला. आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. २०२४ साली साताऱ्यात प्रदर्शनाला आलेली वाघनखंही तिथलीच, आणि त्यांच्याविषयी माझं स्पष्ट मत असं की

संपादक_३ | रविवार, रात्री ९:०४
इतिहासवेडा यांच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. सहा वर्षांच्या मुलीच्या खेळण्याच्या धाग्याचं काश्मीर करू नये. वाघनखांसाठी आधीच चार धागे चालू आहेत.

मोहफूल | रविवार, रात्री ११:३०
वाचनमात्र होतो, आज लिहितो. मी ब्रह्मपुरीकडचा. आता नोकरीला पुण्यात.

आमच्या इकडे ताडोब्याच्या कुंपणाबाहेरही वाघ आहेत. कुंपण म्हणजे तुमच्या नकाशावरचं, जमिनीवर तसं काही नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह पडतो, तो वेचायला बाया जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. दोन्ही कामं वाकून. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे सगळे सांगतात. माझी मोठी काकू मोह वेचायलाच गेली होती. टोपली सापडली तेव्हा अर्धी भरलेली होती. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी माझ्या पोरीला शाळेतल्या कुठल्याशा स्पर्धेत वाघाचं खेळणं बक्षीस मिळालं. दिवाळीत ती ते गावी घेऊन गेली. आमची आजी रात्री "वाघ" म्हणत नाही, "जनावर" म्हणते. आम्हाला वाटलं, आता हे चुलीत जाणार. आजीने ते हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग देवळीत ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि पोरीला म्हणाली, हा आता खेळायचा नाही जी, हा इथं बसते. गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड आहे, त्याच्याच वाटेचा नारळ त्या दिवशी याच्यासमोर फुटला.

पोरगी अजून मला विचारते, आजीने माझा वाघ का घेतला. मला सांगता येत नाही. सईच्या आई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या आजीला तो पुरेसा खरा वाटला एवढं मात्र खरं.

अनघा_प | रविवार, रात्री ११:४८
काय लिहू कळत नाही. लिहिलंत हे बरं केलंत.

जंगलवाचा | सोमवार, सकाळी ८:२०
@मोहफूल, दुःखात सहभागी. पण हेही लक्षात घ्यायला हवं की माणूसच वाघाच्या घरात घुसला आहे. देशात २००६ साली वाघ १४११ होते, २०२२च्या गणनेत अंदाज ३६८२ चा आहे, महाराष्ट्रात ४४४. हे यश सहजासहजी मिळालेलं नाही.

मोहफूल | सोमवार, सकाळी ८:५५
४४४ मधले किती तुमच्या परसात आहेत?

घुसलो म्हणता, ताडोबा हे नाव ज्या तारू देवावरून पडलं तो गोंडांचा. वाघाशी झुंजताना गेला अशी गोष्ट आहे, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरते. वाघ आणि माणूस दोघंही तिथलेच आहेत. मी वाघाच्या विरुद्ध नाही. आमच्याकडे कोणीच नाही. आता बाया घोळक्याने जातात, मोठ्याने बोलत, एवढंच.

जंगलवाचा | सोमवार, सकाळी ९:१०
शब्द मागे घेतो. फटकळपणे लिहिलं गेलं.

फरवाली_मावशी | सोमवार, सकाळी ११:००
मोहफूल, पोरीला दुसरा वाघ मी शिवून देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ठिपक्यांसकट. डोळे गोल.

मोहफूल | सोमवार, सकाळी ११:२६
मावशी, केला.

डॉ_कुलकर्णी_बालरोग | सोमवार, दुपारी १:१५
मध्येच एक कामाची गोष्ट. तीन वर्षांखालच्या मुलांना प्लास्टिकचे चिकटवलेले डोळे असलेली खेळणी देऊ नका. निघतात, आणि थेट तोंडात जातात. भरतकामाचे डोळे उत्तम. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या. गिळलेला वाघाचा डोळा मी काढायला लावलेला आहे. पालकांनी तो परत मागितला, शिवून बसवायला.

नाना_फडताळे | सोमवार, दुपारी ३:५०
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण काल रात्री यावरच विचार करत होतो.

मऊ वाघ खऱ्या वाघासारखा नसतो कारण तो वाघाच्या नव्हे, बाळाच्या मापाने कापलेला असतो. मोठं डोकं, कपाळ पुढे आलेलं, डोळे खाली आणि टपोरे, नाक इवलंसं. कोन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ साली हे मांडलं, की अशी ठेवण दिसली की माणसाला सांभाळावंसं वाटतं. खरा वाघ जवळून बघाल तर डोळे चेहऱ्याच्या मानाने लहान असतात आणि जबडा मोठा. जिभेवर असे काटे असतात की चाटून हाडावरचं मांस खरवडून निघतं. ते शिवता येणार नाही आणि शिवूही नये. पण कानाचा ठिपका? त्याने वाघ भीतिदायक होत नाही. तेवढं खरं ठेवायला काय हरकत आहे?

आणखी एक. सईला कधी सांगायचं असेल तर सांगा, वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात. म्हणून गणनेचे कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. आणि पट्टे नुसते केसांवर नसतात. केस काढले तरी खाली कातडीवर पट्टे दिसतात.

साउथहॅम्प्टनचा_शेजारी | सोमवार, संध्याकाळी ४:३०
वास राहिला! वाघ झाडावर फवारा मारून हद्द आखतो त्याला बासमती भाताचा वास येतो. मी कान्ह्यात घेतलाय. सुवासिक तांदळात असतो तोच घटक त्यात असतो.

टवाळ_कार्टा | सोमवार, संध्याकाळी ४:३३
आता कोणी आंबेमोहोर लावला की मी दार बंद करून घेणार.

सईची_आई | बुधवार, रात्री ९:४५
सगळ्यांचे आभार. मोहफूल यांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून स्वतः फेल्ट शोधायला गेला. बरोबर कोण आणि चूक कोण हा विषय घरात बंद झालाय.

मावशींच्या सांगण्यावरून ठिपके लावले. डावा जरा मोठा झाला, उजवा तिरका. सईने गाजरला भिंतीकडे तोंड करून ठेवलं, मागे ओळीने हत्ती, दोन ससे आणि एक पाय तुटलेली बाहुली बसवली. "आता हरवणार नाहीत." गाजर पुन्हा पलंगावर आला आहे.

नाना, तुमचं पट्ट्यांचं मी तिला सांगायला नको होतं. तिने दोन्ही कुशी मोजल्या. सारख्या निघाल्या. मी स्वयंपाकघरात होते तेव्हा पर्मनंट मार्करने डाव्या बाजूला सात पट्टे जास्तीचे काढले. गाजर पांढऱ्या चादरीवर होता.

मार्करचे डाग कशाने जातात?

टवाळ_कार्टा | बुधवार, रात्री ९:५१
नाही जाणार. नानांनी वर लिहिलंय ना, पट्टे कातडीपर्यंत असतात.

फरवाली_मावशी | बुधवार, रात्री १०:०२
सॅनिटायझर कापसावर घेऊन टिपा, घासू नका. चादरीवरच. वाघावर नाही.